ठाणं नऊ, माणसं सत्त्याऐंशी

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! सामानाच्या गाडीवाल्याने आईची खुर्ची तिसऱ्या मजल्यावर चढवताना जेवढा आरडाओरडा केला, तेवढा त्या खुर्चीने बावीस वर्षांत केला नसेल. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर आणि खिडकीतून सरळ बंदर. आईने आल्याआल्या खुर्ची खिडकीशी लावून घेतली आणि विणकाम काढून बसली. खोकी कोण उघडणार? मीच.

ही वही जुन्या कचेरीतल्या बायकांनी निरोपाला दिली. रोज लिही म्हणाल्या. बघू, आरंभशूर मी जन्मापासून आहे.

नोकरी नौदलाच्या मुख्यालयात, अनुकंपा तत्त्वावर. धाकट्या भावाचं जहाज बेपत्ता झालं तेव्हा अर्ज केला होता. त्याला अकरा वर्षं झाली. मी बत्तिसाची होते, आता त्रेचाळीस. गोगलगायीच्या हाती टपाल दिलं असतं तर लवकर पोचलं असतं. पण आली ना ऑर्डर! आईच्या तोंडावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा हसू पाहिलं. तिला वाटतंय, मी त्याला आणायला चाललेय.

४ मार्च, मंगळवार

माझ्या जागेचं नाव ताफा कक्ष. नाव ऐकून मला वाटलं होतं दहा-वीस साहेब, नकाशे, लाल दिवे. प्रत्यक्षात एक मोठी खोली, एक टेबल, एक सुरई आणि एक भिंतभर लाकडी फळा. पण हा फळा म्हणजे अख्खं नौदल बरं का! प्रत्येक जहाजाचा एक पितळी बिल्ला, त्यावर नंबर. एकूण त्रेचाळीस. लढाऊ पथकाचे बिल्ले गोल, गस्तीचे चौकोनी, सुरुंग काढणाऱ्यांचे तिकोनी, रसदवाल्यांचे लांबट. पाणबुड्यांचा फळा दुसऱ्या खोलीत, कुलपात. त्या कुठे आहेत हे विचारायचं नसतं.

फळ्याचे तीन भाग: बंदरात, दुरुस्तीत, समुद्रावर. समुद्रावर म्हणजे बारा ठाणी. ठाणं म्हणजे नकाशावरची एक ठरलेली जागा. तिथे गस्तीचं जहाज उभं असायलाच हवं. दुसरं जहाज येऊन ‘ठाणं घेतलं’ कळवतं, तेव्हाच पहिलं ‘ठाणं सोडलं’ कळवून परत फिरतं. याला म्हणायचं बदली. ठाणं एक मिनिटही रिकामं ठेवायचं नाही.

रोज सकाळी आठला प्रत्येक जहाजाचा संदेश येतो: नंबर, ठाणं, माणसं किती. शेवटी दोन शब्द असतात, ‘बदली कधी?’ हे नियमात नाही, खलाशांची जुनी खोड. काल ठाण्यावर गेलेलं जहाजसुद्धा आज विचारतं. आपण तारीख कळवायची.

हे सगळं मला शिकवतायत मास्तर. बावीस वर्षं हा फळा सांभाळतायत, कोरड्या ओठांचा, हळू बोलणारा माणूस. त्यांनी मला एकच नियम तीनदा सांगितला. बिल्ला आधी हलवायचा नाही. आधी संदेश, मग बिल्ला. मी म्हटलं, मास्तर, मी काय दूधपिती आहे? ते हसले नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

आज विचारलंच. चार दिवस डोळ्यांत सलत होतं. नवव्या ठाण्यावर एक चौकोनी बिल्ला आहे, एकोणतीस नंबरचा. नववं ठाणं नकाशावर नाहीच, कधीचं बंद केलंय. आणि एकोणतीस हे माझ्या ढब्याचं जहाज.

ढब्या म्हणजे माझा भाऊ. लहानपणी असा गुबगुबीत होता की उचलून घेतलं की माझीच कंबर मोडायची. वायरलेसवर होता. बावीस वर्षांचा. वादळ आलं आणि जहाज बेपत्ता, एवढंच आम्हाला कळवलं. ना सांगाडा मिळाला, ना साधी फळी.

मास्तर म्हणाले, एकोणतीसने ‘ठाणं सोडलं’ कळवलं नाही, म्हणून बिल्ला काढता येत नाही. कागदावर ते अजून तिथंच उभं आहे. रोज आठला ते एकोणतीसलाही संदेश पाठवतात, ठाणं बंद झालंय, परत या. उत्तर येत नाही. मग नोंदवहीत तेवढ्या जागी ते एक आडवी रेघ मारतात. मागची पानं चाळली. शेवटची खरी नोंद: ठाणं नऊ, माणसं सत्त्याऐंशी. पुढे रेघा. अकरा वर्षांच्या रेघा.

मी सांगितलं, त्या सत्त्याऐंशीत माझा भाऊ आहे. मास्तरांच्या हातातला पेला खाली पडला. बिचारे! मीच त्यांना पाणी दिलं.

१२ मार्च, बुधवार

शेजारच्या खोलीत संदेशाचं यंत्र आहे. कागदाची पट्टी खडखडत बाहेर येते आणि ती घेऊन वायरलेसवाली येते, म्हणजे धावत येते. सातवा महिना, तरी चालणं म्हणून नाही! नवराही वायरलेसवरच, चौतीस नंबरच्या जहाजावर, चौथ्या ठाण्याला. चौतीसची पट्टी आली की ती आधी स्वतः वाचते, गालांत हसते आणि मग मला देते. मला ताई म्हणते. बाळंतपणाला तो असेल का, हे माझ्या फळ्यावर ठरतं म्हणून माझी मस्का-पॉलिशही करते. मी तिला सांगितलं, माझ्या हातात असतं तर तुझ्या नवऱ्याला आजच खेचून आणला असता.

घरी गेलं की आईचा एकच प्रश्न, जहाज काय म्हणतंय. आधी मी विषय बदलायचे. आज तोंडातून निघून गेलं, निघालंय म्हणून. ती किती खूश झाली म्हणून सांगू. विणकाम मांडीवर ठेवून डोळे मिटून बसली. निळा स्वेटर आहे, ढब्यासाठी. एक बाही अकरा वर्षं राहिलीय. मापाशिवाय कशी विणू, म्हणते.

१७ मार्च, सोमवार

काल आई मोरीत पडली. डॉक्टर घरी आले. हृदय थकलंय, पंधरा दिवस, फार तर महिना, असं मला जिन्यात नेऊन सांगितलं. मी तिथंच पायरीवर बसले. रडले, चांगली हुंदके देऊन रडले. मग तोंड धुतलं आणि वर जाऊन आईला रागावले, काठी का घेत नाहीस म्हणून. तिने विचारलं, कुठपर्यंत आलं जहाज.

मी म्हटलं, अर्ध्यावर.

२० मार्च, गुरुवार

मास्तर आजपासून रजेवर, डोळ्यांचं ऑपरेशन. खोलीत मी एकटी.

लिहायची लाज वाटते, पण लिहितेच. सकाळी आईने माझा हात धरला आणि सांगितलं की शपथ घे, ढब्याचं जहाज बंदरात आलं असं तू डोळ्यांनी बघून मला सांगशील. मी घेतली. आता शपथ कशी मोडायची? आणि खोटं तरी किती बोलायचं मरणाऱ्या माणसाशी? मनात आलं, निदान फळ्यावर तरी खरं असू दे. साडेआठला सगळ्या नोंदी झाल्यावर मी स्टूल घेतलं, नवव्या ठाण्यावरून एकोणतीसचा बिल्ला काढला आणि ‘बंदरात’ खाली, चौथ्या धक्क्याच्या खिळ्याला लावला. मन भरून बघितलं. मग घरी फोन करून आईला सांगितलं, आलं गं, डोळ्यांनी बघितलं.

शब्दानं खोटं नव्हतं. कुणाचं काय गेलं? उद्या परत लावून टाकीन.

एकच. बिल्ला ओला होता. खिडकी उघडी राहिली असेल.

२१ मार्च, शुक्रवार

आठला वायरलेसवाली पट्टी घेऊन आली. हसत होती. नवऱ्याने झोपेत चूक केलीय म्हणाली. पट्टीवर होतं: चौतीस. ठाणं नऊ घेतलं. माणसं एक्क्याण्णव. बदली कधी?

मी हसले नाही. त्याच्याच खाली दुसरी ओळ होती.

एकोणतीस. ठाणं सोडलं. माणसं सत्त्याऐंशी.

ती म्हणाली, यंत्र बिघडलंय, जुनाच काहीतरी संदेश फिरतोय. मी मान हलवली. स्टूलावर चढून एकोणतीसचा बिल्ला परत नवव्यावर लावायला गेले आणि हात थांबला. सत्त्याऐंशी. त्यात तो आहे. निघालाय.

मी खाली उतरले. देवा, मी खाली उतरले.

२२ मार्च, शनिवार

चौथ्या ठाण्यावर चौतीस नाही. विमान जाऊन आलं. समुद्र शांत, कोरा. वर साहेबांची धावपळ. मुख्यालयात नेहमीसारखं, वरचा विचारतो, मधला ओरडतो, खालचा शोधतो. नवव्या जागीही विमान पाठवलं. तिथेही काही नाही. पण पट्टी येतेय. ठाणं नऊ. माणसं एक्क्याण्णव. बदली कधी?

वायरलेसवाली घरी जात नाही. यंत्रापाशीच बसलीय, पोटावर हात ठेवून. मी तिला दूध नेऊन दिलं. तिने माझा हात धरून ठेवला. माझा हात!

आई मात्र उठून बसली. दोन वाट्या दूध प्यायली. डॉक्टर चकित.

२४ मार्च, सोमवार

मास्तरांकडे गेले. डोळ्यांवर पट्टी, समोर कोण हे न बघताच म्हणाले की तू बिल्ला हलवलास ना.

मग सगळं सांगितलं. नववं ठाणं बंद झालं ते तेरा वर्षांपूर्वी. त्यांनी स्वतः नकाशावरून पुसलं. पण ठाण्यावर जे जहाज उभं होतं, सतरा नंबर, त्याला कळवायचं राहून गेलं. एक कागद. एक कागद पाठवायचा राहिला! सतरा वाट बघत राहिलं आणि तिथंच बुडालं. त्यावर मास्तरांचा मुलगा होता. दोन वर्षं त्यांनी सतराचा बिल्ला बघितला आणि एक दिवस हाताने काढून बंदरात लावला. मुलगा घरी आला. जेवला. सातव्या दिवशी सकाळी आठला, सुटलो बाबा, म्हणाला आणि गेला, कायमचा, शांत. पण ठाणं रिकामं राहत नाही. बदलीला त्या आठवड्यात समुद्रावर असलेल्यांपैकी एक जहाज ओढलं गेलं.

एकोणतीस.

वादळ कुठलं! वादळ नव्हतंच. एकोणतीस सात दिवस विचारत होतं, बदली कधी. सतराचा बिल्ला परत नवव्यावर लावला असता तर ते सुटलं असतं. सात दिवस माझ्या हातात होते, म्हणाले, आणि माझा मुलगा माझ्यासमोर जेवत होता.

मी त्यांना काय काय बोलले ते लिहिणार नाही. आंधळ्या म्हाताऱ्याला मारायला हात उगारला मी. आणि मग आठवलं, माझ्या फळ्यावर कोण कुठे आहे.

गुरुवारी आठला सात दिवस होतात. तोवर काही केलं नाही तर ढब्या सुटेल. शांत. आणि ते एक्क्याण्णव—

परत लावला तर ते येतील. आणि ढब्या पुन्हा तिथे. किती वर्षं? कायमचा.

मास्तर ओरडत होते, लाव म्हणून. जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

२५ मार्च, मंगळवार

चौथ्या धक्क्याला जहाज लागलंय. राखाडी, गंजलेलं. माझ्याशिवाय कुणालाच दिसत नाही. धक्क्यावरचा फोरमन तिथंच उभा राहून चहा पीत होता.

संध्याकाळी दार वाजलं. आईच उठली. काठीशिवाय.

तसाच आहे. बावीसचा. केसांतून पाणी गळतंय, थांबतच नाही. मला बघून म्हणाला, काय गं ताई, म्हातारी झालीस की! मी त्याला घट्ट धरलं. गार. इतका गार माझा ढब्या. फरशीवर मिठाचे डाग.

त्याने पातेल्यातली खरवड मागितली, लहानपणीसारखी. आईने दंडाचं माप घेतलं. त्याला वाटतंय, रजेवर आलाय. चार-सहा महिने झाले असतील म्हणतो.

मग विचारलं, ताई, आमच्या जागी कोण आहे?

मी म्हटलं, जेव आधी.

२६ मार्च, बुधवार

आजची पट्टी नीट छापली नव्हती. चौती. ठा नऊ. बदली क—

वायरलेसवालीने ती गळ्याशी धरली. रडत नाही. रडली असती तर बरं.

घरी. त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा. ठाण्यावरच्या माणसाला हे कळल्याशिवाय झोप लागत नाही म्हणे. मी सांगितलं. सगळं. अकरा वर्षं, सतरा, चौतीस, सातवा महिना. हेही सांगितलं की उद्या आठपर्यंत गप्प बसलो तर तू सुटशील रे, मी गप्प बसते, मला पाप लागू दे, मी बसते गप्प—

त्याने फरशीवरचे पाण्याचे थेंब पायाने पुसले. मग म्हणाला की बदली अशी घेत नसतात, ताई. बिल्ला लाव.

मी त्याच्या पाया पडले. मोठी असून. तो म्हणाला, त्या पोरीच्या बाळाला माझं नाव कळणार नाही, पण त्याचा बाप तर घरी येईल.

आई खिडकीशी बाही विणत होती. सगळं ऐकलं तिने. रडली नाही. एवढंच विचारलं, जहाजावर थंडी फार असते का.

२७ मार्च, गुरुवार

सात चाळीस. कक्षात.

निघताना तो टेबलाशी बसला होता. मीच निघेन म्हणाला, सोडायला येऊ नकोस. त्याच्या कपाळाला हात लावला. बाही पूर्ण झालीय. आई गाठ मारत होती. माझ्याकडे बघून हसली. कशी हसली.

सात पंचावन्न. स्टूलावर. बिल्ला कोरडा होता, हातात घेतला तसा ओला झाला. जड. मूल उचलल्यासारखा—

लावला.

लावला मी. नऊ. माझ्या हातानं.

आठ. यंत्र. ती ओरडली! चौतीस, ठाणं चार, माणसं एक्क्याण्णव! बदली कधी? नीट, सगळी अक्षरं! ती माझ्या गळ्यात पडून रडतेय. पोटातलं मूल मला लाथ मारतंय. जगू दे, जगू दे सगळी.

आठ पाच. दुसरी पट्टी. अकरा वर्षांत पहिल्यांदा रेघ मारायची नाही. एकोणतीस. ठाणं नऊ घेतलं.

पेन टेकवलं, सत्त्याऐंशी लिहायला.

माणसं अठ्ठ्याऐंशी.

चूक. छपाईची—

घरी फोन लावला. वाजतोय. वाजतोय. शेजारणीला लावला. ती जाऊन आली. दार सताड उघडं. खुर्ची रिकामी. काठी भिंतीशी. स्वेटर? स्वेटर नाही म्हणाली.

आकडा जुळला नाही तर परत विचारायचं असतं. नियम आहे. विचारलं.

उत्तर आलं. कळ दाबणारा त्याचाच हात, ओळखते मी, घरी सराव करतानाही शेवटच्या अक्षराला जरा थांबायचा.

माणसं अठ्ठ्याऐंशी. बरोबर. आईला थंडी वाजत नाही. ताई, बदली कधी?

खलाशांची खोड आहे. सगळेच विचारतात. नियमात नाही. तारीख कळवायची असते—

एकोणतीस सोडून समुद्रावर आज अकरा बिल्ले. मी त्यांच्याकडे बघत नाहीये. दहा, बारा, तीस, चौतीस— नाही. बघत नाहीये. मी फक्त स्टूल पुसायला घेतलंय, ओलं झालं होतं, मी फक्त